सायलेन्सरचं पॅकिंग

त्या पोस्टवर माझी बदली झाली तेव्हा मी हवालदार होतो. पायदळाच्या एका कंपनीबरोबर बर्फात राहायचं आणि जनरेटर, पंप, इंजिनं बंद पडू द्यायची नाहीत, एवढं काम. फौजी म्हटलं की लोकांना बंदूक आठवते. माझ्या हातात उभ्या नोकरीत पानाच जास्त होता.

रेडिओ बंकर लान्स नायक कांबळेकडे होता. तो विश्रांतवाडीचा, मी कोथरूडचा. एवढ्या उंचीवर पुण्याचा माणूस भेटला म्हणजे सख्खा भाऊच. मला उस्ताद म्हणायचा आणि रोज एक तरी टोमणा मारायचा. "उस्ताद, तुमच्या कोथरूडला पाहुण्याला चहा देतात, की नुसतं 'घेणार का' विचारतात?" वय सत्तावीस. घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी.

आता त्याच्या बायकोचं, वंदना वहिनींचं, विश्रांतवाडीत ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. गेली अठरा वर्षं मी महिन्यातून एकदा तिथे जातो. मशीनला तेल देतो, वहिनींच्या हातचा चहा पितो, परत येतो. नातेवाईक म्हणतात, शिंद्यांनी मैत्री निभावली. म्हणू देत.

दोन वर्षांपूर्वी मुलीला, सुजाताला, पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा होता. वहिनींनी फॉर्म फाडला. "बापाचं हृदय कच्चं होतं. मी हिला मैदानावर मरायला पाठवू?" मी समोरच बसलो होतो. हातातला चहा संपवला.

गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, वहिनींचा फोन आला. "भाऊजी, जनरेटर फार बोंबलतोय. आवाज तेवढा कमी करून द्या."

साडेदहाला पोचलो. दुकानाच्या दारावर वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी कागद चिकटवला होता. "आपला जनरेटर चालू असताना आम्हांस स्वतःचे विचारही ऐकू येत नाहीत. कृपया उपाय करावा." खाली सही आणि तारीख. वाचून हसलो आणि आत गेलो.

लाइट गेलेली होती. जनरेटर हातात उचलून नेता येतो तसा, लहान. पण तो बाहेर नव्हता. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात होता, लाकडी खोक्यात. खोक्यावर भिजवलेली गोणपाटं. शटर अर्धं खाली. आतून बारीक फट्‌फट् येत होतं.

"बघा," वहिनी खुशीत म्हणाल्या, "तुम्ही येईपर्यंत मीच निम्मा आवाज कमी केला. डोकं मात्र सकाळपासून ठणकतंय."

"बाहेर व्हा! आधी बाहेर व्हा!" परेडवर ओरडतात तसा ओरडलो. इंजिन बंद केलं, शटर वर फेकलं, वहिनींना दंडाला धरून फुटपाथवर आणून बसवलं. त्यांचा हात असा धरायची माझी पहिलीच वेळ. त्या बघतच राहिल्या.

"अहो, झालं काय तुम्हाला?"

"धूर आत साठतोय. माणूस मरतो त्यानं."

"धूर कुठे दिसतोय?"

"दिसत नाही. वासही धड येत नाही."

इंजिन निवल्यावर खोकं फोडून जनरेटर बाहेर ओढला आणि तपासायला घेतला. खालचे रबर बघितले, एक फाटलेला. त्यानं खडखड होते, फट्‌फट् होत नाही. सायलेन्सर जिथे इंजिनला बसतो, तिथे काजळीचा काळा पट्टा होता. मधलं पॅकिंग, म्हणजे सांध्यातून धूर सुटू नये म्हणून बसवतात ती चकती, जळून गेलेलं, दोन्ही नट ढिले. आवाज तिथूनच येत होता. आणि जिथून आवाज निघतो, तिथून धूरही निघतो.

हाच दोष. हाच पट्टा.

"भाऊजी, तुम्हाला घाम का फुटलाय?"

मग सांगितलं. अठरा वर्षांनी.

पोस्टवरचा जनरेटर रेडिओ बंकरला लागूनच, बाहेरच्या खड्ड्यात होता. पॅकिंग जळलं. मेजरसाहेब म्हणाले, "शिंदे, ये आवाज उस पार तक जा रही है. बंद करो." आवाजावरून पलीकडच्यांना पोस्टचा अंदाज येतो, हे खरं. नवं पॅकिंग मागवलेलं होतं, पण हवामान खराब म्हणून हेलिकॉप्टर येत नव्हतं. तांब्याच्या पत्र्याचं पॅकिंग मी कापू शकत होतो. दोन तास लागले असते, हात गारठले असते. कंटाळा केला. चारही बाजूंनी वाळूच्या गोण्या रचल्या, वर ओली पोती आणि ब्लँकेट. आवाज निम्म्यावर आला. साहेबांनी पाठ थोपटली. मी छाती काढून लंगरला जेवायला गेलो.

रात्री अकराला बर्फ पडायला लागला. उरलीसुरली फटही बुजली. धुराला वाट एकच राहिली, केबलसाठी बंकरच्या भिंतीत पाडलेलं भोक. ते मीच पाडलं होतं.

सव्वादोनला कांबळेचा टेलिफोन आला.

"उस्ताद, डोकं जाम जड झालंय."

"हाइटचं आहे. चहा घे."

"तुमच्याकडचा की आमच्याकडचा?" हसला आणि फोन ठेवला.

तीनला ठरलेला रेडिओ चेक. कांबळेचं उत्तर नाही. तीन दहाला मी बंकरचं दार उघडलं. कानावर हेडसेट, टेबलावर डोकं, गाल लालबुंद. चहाचा मग भरलेला. बाहेर बर्फात ओढला. नर्सिंग असिस्टंट पावणेचारपर्यंत छाती दाबत होता. बाजूला जनरेटर चालूच होता, अगदी शांत.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला. "मशीन ठीक थी?"

"ठीक थी, साहब."

त्याआधी मी गोण्या हलवल्या होत्या. कागदावर लिहिलं गेलं, अतिउंचीमुळे हृदय बंद पडलं. मी खाली सही केली.

वहिनींनी नजर रस्त्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "दरवर्षी तिच्या छातीचा कार्डिओग्राम काढते मी. शाळेत कधी पळू दिलं नाही तिला. पाय धरून रडली होती ती फॉर्मसाठी." माझ्याकडे वळल्या. "तुम्ही इथे बसून चहा पीत होतात."

"हो."

"आधी हे दुरुस्त करा. मग जा. आणि परत येऊ नका."

जागा घासून साफ केली. सोबत आणलेलं नवं पॅकिंग बसवलं, नट आलटूनपालटून थोडे थोडे आवळले, खालचा रबर बदलला. जनरेटर उघड्यावर ठेवून, तोंड रस्त्याकडे करून सुरू केला. सांध्याला साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही. चाळीस मिनिटांचं काम. त्या दिवशी दोन तास जास्त वाटले होते.

निघताना वहिनी पाठमोऱ्या उभ्या होत्या. फोन कानाला होता. "सुजाता, यंदाच्या भरतीचा फॉर्म अजून भरता येतो का बघ," एवढंच ऐकलं.

त्यानंतर मी विश्रांतवाडीला गेलेलो नाही. रेकॉर्ड बदलायचा अर्ज मी पाठवला आहे, माझ्या कबुलीसकट. उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा येईल, तोवर इथे लिहून ठेवतो.

लान्स नायक कांबळे, सिग्नल. वय सत्तावीस. ड्यूटीवर, सेटसमोर, कानावर हेडसेट असताना गेला. त्याचं हृदय ठणठणीत होतं.