पूजेला उभं मशीन आणि पुण्याहून आलेला फोन

मंडळी, ही मेल आजच लिहायला हवी.

आज आमच्या होसकोट्याच्या कारखान्यात आयुधपूजा, म्हणजे यंत्रांची पूजा होती; इकडे ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीलाच करतात. प्रेस मशीन थांबवलं होतं. वीज मात्र चालू ठेवली, पॅनेलचे दिवे छान दिसतात म्हणून! आमच्या कामगार गौरक्का आत हात घालून हार बांधत होत्या, तेवढ्यात प्रेस आपोआप खाली यायला लागला. मी लाल बटण दाबलं. अक्कांचा हात वाचला, हार चिरडला.

या मशीनला फोनलाइनवर चालणारा मोडेम आहे, बनवणाऱ्या कंपनीला पुण्यात बसून दुरुस्ती करता यावी म्हणून. मी लगेच तिथल्या इंजिनिअरला फोन लावला.

"पूजा उद्या, दसऱ्याला ना?" तो म्हणाला. "मशीन थांबलेलं दिसलं, म्हणून इथूनच प्रेस चालवून चाचणी उरकून घेतली."

"आणि पासवर्ड?"

"तो कधी टाकलाच नाही, साहेब. तुमचा नंबर लावला की झालं."

तोच नंबर आमच्या फॅक्सचा. व्हिजिटिंग कार्डावर छापून मीच गावभर वाटलाय.

मोडेमची वायर मी उपटून ठेवलीय. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेलं लिंबू अजून मशीनवर आहे.

तुमच्या मशीनला कोण कोण फोन करू शकतं, माहीत आहे?