म्हशीच्या पोटातला माल

मुकादमाच्या तोंडी लागायचं नाही, हे त्याच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. नौदलाच्या मालवाहू बोटीवर त्यानं बावीस वर्षं माल रचला, आणि तेवढ्या वर्षांत त्याचं एकच मत पक्कं झालं, की जगातली निम्मी माणसं बिनडोक असतात आणि उरलेली निम्मी त्यांना सलाम ठोकतात. घरी बायकोनं फडताळात डबे लावले, की हा मागून जाऊन ते पुन्हा लावायचा. रोज लागणारी साखर मागे आणि वर्षातून एकदा निघणारे पाहुण्यांचे कप पुढे? बायकोनं एकदा सांगून टाकलं, की स्वयंपाकघर म्हणजे तुमची बोट नाही. बोट असती तर एव्हाना बुडाली असती, असं त्याचं उत्तर.

त्याच्या बोटीला लढाऊ जहाजांवरची मंडळी म्हैस म्हणायची. रुंद, संथ, आणि तोफ असून नसल्यासारखी. गोळे डागायचे त्यांनी. पण त्या गोळ्यांपासून पायमोज्यांपर्यंत सगळं वाहून आणायचं ते म्हशीनं. युद्ध संपल्यावर पदकं कुणाच्या छातीवर लागली, हे सांगायला नकोच. म्हशीला एक प्रशस्तिपत्र मिळालं, तेसुद्धा बोटीचं नाव चुकवून.

आता, माल रचायचा नियम शेंबड्या पोरालाही कळेल असा. जे आधी उतरवायचं ते शेवटी चढवायचं, म्हणजे झाकण उघडलं की तेच वर. पण युद्धाच्या दुसऱ्या महिन्यात गोदीवर एक साहेब आले. आयुष्य कचेरीत गेलेलं, हातात टाइप केलेली यादी. मालाला महत्त्वाप्रमाणे नंबर दिलेले. एक नंबरला औषधं, दोनला बँडेजच्या पेट्या, असं करत करत चाळीस नंबरला कचेरीची लोखंडी कपाटं. आणि हुकूम काय, तर नंबराप्रमाणे चढवा. मुकादमानं हात जोडून सांगितलं, की साहेब, एक नंबर तळाला जाईल. साहेब म्हणाले, महत्त्वाचा माल आधी चढणार नाही तर काय कपाटं आधी चढणार? त्या दिवसापासून त्यांचं नाव यादीसाहेब.

मुकादमानं हुकूम पाळला. त्याचा राग त्यानं जगावर काढला, पण खरा राग होता तो याच गोष्टीचा, की त्यानं हुकूम पाळला.

पुढच्या बंदरात तीन तासांत मोकळं होऊन निघायचं होतं. धक्क्यावर जखमी माणसं स्ट्रेचरवर पडलेली, डॉक्टर औषधांसाठी ओरडतोय, आणि म्हशीच्या पोटातून काय निघतंय? कपाटं. मग खुर्च्या. मग बँडचे ढोल. मग आणखी एका कचेरीची कपाटं. यारी, म्हणजे बोटीवरची क्रेन, चालवायला होता मुकादमाचा जिवलग दोस्त, सगळे त्याला यारीवाला म्हणत. हाताला इतका हलका, की दोन टनांचा बोजा खाली टेकवला तरी धूळ उडू नये. त्यानं वरून ओरडून विचारलं, मुकादम, ढोल कुणाला पाजायचेत? अकरा तास लागले. नवव्या तासाला विमानं आली. धक्क्यावर बाँब पडला, पत्र्याचा तुकडा यारीवाल्याच्या बरगडीत घुसला. यारीला तेव्हा एक कपाट लटकत होतं. त्यानं ते अलगद खाली टेकवलं, दांडा बंद केला, आणि मगच कोसळला. खाली माणसं होती ना. दोन तासांनी औषधं वर आली. तोवर धक्क्यावरची कितीतरी स्ट्रेचर चादरीनं झाकून झाली होती, आणि यारीवाल्याचंही.

मुकादमानं ही हकिकत पुढं सगळ्यांना सांगितली. न्हाव्याच्या खुर्चीत, रेशनच्या रांगेत, जावयाच्या घरी पहिल्याच जेवणाला. फक्त यारीवाल्याच्या बायकोला, वहिनींना, त्यानं सांगितलं होतं, की तो औषधं उतरवताना गेला.

बत्तीस वर्षं गेली. मग सरकारला जाग आली, की नौदलाच्या स्मारकाच्या दगडावर मालवाहू बोटींवरच्या मृतांची नावंच नाहीत. समितीचा कारकून कागद घेऊन मुकादमाकडे आला. समितीचे अध्यक्ष कोण? यादीसाहेब! वय ऐंशीच्या घरात, छातीवर जागा उरली नाही इतकी पदकं. कागदावर लिहिलं होतं, की शत्रूच्या विमानांची पर्वा न करता बोट स्वखुशीनं अकरा तास धक्क्याला उभी राहिली. खाली प्रत्यक्षदर्शी म्हणून मुकादमानं सही करायची. सही झाली तर यारीवाल्याचं नाव दगडावर. नाही झाली, तर प्रकरण बंद.

"स्वखुशीनं?" मुकादम म्हणाला. "आम्ही तिथं हवा खायला थांबलो होतो, असंही घाला." कारकुनाला त्यानं दारातूनच वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. कारकून आधी त्यांच्याकडे जाऊन आला होता. त्यांनी चहा नको म्हटलं आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"सही करा, भावोजी," त्या म्हणाल्या. "कपाट होतं ते, मला माहीत आहे. तुम्ही जगाला सांगितलंत, मला सोडून. पण त्यांना पुरलं परक्या बंदरात. बत्तीस वर्षांत त्यांचं नाव हातानं चाचपायला मला एक दगड मिळालेला नाही."

संध्याकाळी तो स्वतः समितीच्या कचेरीत गेला आणि त्या धडधडीत खोट्याखाली सही करून आला. घरी येऊन त्यानं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आणि न जेवता झोपला.

समारंभाच्या दिवशी मांडव, बँड, भाषणं, सगळा थाट. यादीसाहेब माइकसमोर उभे राहून अकरा तासांचं शौर्य सांगत होते आणि लोक टाळ्या पिटत होते. मुकादम पाचव्या रांगेत वहिनींशेजारी दात आवळून बसला होता. कशासाठी बसलोय, एवढंच तो स्वतःला बजावत होता. मग पडदा सरला. नावं हुद्द्याप्रमाणे कोरलेली, कप्तान सगळ्यात वर. यारीवाला हुद्द्यानं सगळ्यात खालचा, म्हणून अगदी तळाशी, जमिनीपासून वीतभर. आणि मान्यवर एकेक करून पुढे आले. प्रत्येकानं गाडीच्या चाकाएवढं पुष्पचक्र दगडाला टेकवलं, एकावर एक, एकावर एक, फोटो निघेपर्यंत धरून.

वहिनी जवळ गेल्या. वाकल्या. खालच्या चार ओळी फुलांखाली गडप झाल्या होत्या. त्यांचा हात हवेतच राहिला, कुठं लावायचा ते कळेना.

मुकादम उठला. सरळ दगडापाशी गेला आणि वरचं पुष्पचक्र उचलून बाजूला ठेवलं. मग दुसरं. मग मंत्र्यांचं. शिपाई धावत आला, बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. मुकादमानं कुणाकडे पाहिलं नाही. एकेक चक्र दोन्ही हातांनी उचलून तो अलगद टेकवत होता, पाकळी हलू नये असं. शेवटचं यादीसाहेबांचं निघालं. ते तसंच हातात धरून तो त्यांच्याकडे वळला.

"साहेब," तो म्हणाला, "आधी लागणारं तुम्ही आजही तळालाच घातलंत."

माइक चालूच होता. यादीसाहेबांनी खिशातल्या भाषणाच्या कागदाकडे पाहिलं, जणू उत्तर तिथं टाइप केलेलं असावं. वहिनी तोवर जमिनीवर बसल्या होत्या आणि नावाच्या अक्षरांतून बोट फिरवत होत्या. त्यांचं होईपर्यंत मुकादम मध्ये उभा राहिला, आणि शिपायाला त्यानं पुढं येऊ दिलं नाही.