तोंडी उत्तर

आळंदच्या बाजारात तुरीचा भाव पाडण्याच्या भरात होतो, तेव्हा भालकीहून मेहुण्यांचा फोन आला. "अण्णा, शैला गेली." समोरच्या माणसाला हातानेच थांब म्हणालो आणि कुणावर ते न कळताच चिडलो… काही आठवडे झाले, चीड उतरलेली नाही.

शैला माझी धाकटी बहीण. भालकीजवळच्या मेहकरच्या आमच्या घरातून विमानात पहिली तीच बसली, तीही नोकरीला. हवाई सुंदरी म्हटलेलं तिला खपत नसे. "सुंदरी कशाला? येळ आली तर माणसं बाहेर काढायची नोकरी हाय माझी," म्हणायची. एकदा हैदराबादहून दिल्लीला निघालो, तर विमानात तीच. पाय लांब करता यावेत म्हणून काउंटरवर हुज्जत घालून मी आणीबाणीच्या दाराजवळची सीट मिळवली होती. त्या सीटवरच्या प्रत्येकाला विचारावं लागतं, गरज पडली तर दार उघडायला मदत कराल का? नुसती मान हलवून चालत नाही, तोंडी उत्तर लागतं. तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "बघू." बाजारात उभा राहून मोठा झालेला माणूस दुसरं काय म्हणणार? व्हय म्हटलं की सौदा संपला.

"बघू न्हाई अण्णा. व्हय का न्हाई?"

"सख्ख्या भावाला कामून विचारायलीस? बघू म्हटलं की."

"मग उठा. मागं बसा." घरी मला 'तू' म्हणणारी पोरगी!

माझ्या जागी एका कॉलेजच्या मुलाला बसवलं. सगळ्यांदेखत. दिल्लीपर्यंत मी तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. पुढे घरी जेवायला बसलो की ती टोपली घेऊन समोर यायची, "अण्णा, भाकरी वाढू? तोंडी उत्तर पायजे." मी 'बघू' म्हटलं की टोपली पुढे जायची आणि घर हसायचं. मी हसलो नाही. तिनं माफी मागायला हवी होती, हे माझं म्हणणं आजही आहे.

तिच्या शेवटच्या आजारात कलबुर्गीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता हातात काही नाही. तिला कळू द्यायचं नाही असं मी आणि मेहुण्यांनी ठरवलं. तोंड धुऊन आत गेलो. ती लेकीबद्दल म्हणाली, "नेहाला माझ्याच कामात जायचंय. तिचे पप्पा नको म्हणायलेत. तू पोरीच्या पाठीशी उभा राहशील?"

"व्हय," मी म्हणालो. लगेच.

ती माझ्याकडे बघत राहिली. "घासाघीस न्हाई?… डॉक्टर काय म्हणाला, अण्णा?"

डॉक्टर गाढव आहे म्हणालो, सलाईन हळू चाललंय म्हणून नर्सवर ओरडलो. तिनं माझं मनगट धरलं. "बस हिथं." पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. थोडं ताणायला हवं होतं, दोन अटी घालायला हव्या होत्या, हे रोज मनात येतं… आणि मग तिचाच राग येतो. आजारी माणसानं इतकं कान देऊन ऐकायचं कशाला?

शब्द दिला होता, म्हणून परवा भालकीला गेलो. तिच्याच खोलीत बसलो. मेहुणे ऐकेनात. "बायको गेली. आता पोरगी पण आभाळात सोडू?"

"आजारानं गेली ती, विमानानं न्हाई!" मी इतका ओरडलो की नेहा स्वयंपाकघरातून धावत आली.

भेटायला आलेल्या पाहुण्यांच्या गाद्या खोलीच्या मागच्या दाराला लावून रचल्या होत्या. शैला घरातल्या कुठल्याच दारापुढे चप्पलसुद्धा राहू देत नसे. मेहुणे त्या गाद्यांकडे बघत होते. उठले आणि वरची गादी ओढू लागले. दुसरं टोक मी धरलं. सगळ्या हलवून झाल्यावर त्यांनी कडी काढली, दार सताड उघडून बघितलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"कधी हाय तिची मुलाखत?" दाराकडे बघतच त्यांनी विचारलं.