ही तुझी कोण लागते?

माझं माहेर पाचोडकडचं. वडिलांची मोसंबीची रोपवाटिका. कलम करताना जंबेरी लिंबाच्या खुंटाला चीर द्यायची, मोसंबीचा डोळा त्यात बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. मग थांबायचं. वडिलांचा सगळ्यांना दम असायचा, "पट्टी सोडून बघायची नाय. डोळा धरला का नाय ते झाडाला ठरवू द्या."

लग्न होऊन संभाजीनगरला आले. नवरा शेंद्र्याच्या एमआयडीसीत वेल्डर. पहिली बायको वारलेली, लेक चौथीत. त्यांच्या कामात सगळं लगेच. "जॉइंट बसला का नाही, हातोडा मारला की कळतं," म्हणायचे. थोरल्या नणंदबाई तर हातोडा घेऊनच यायच्या. आल्या आल्या पोरीला, "आई म्हण गं तिला. म्हण की." पोर मान खाली घालायची. मला वन्संचा असा राग यायचा, पण नवी नवरी, बोलणार काय.

पोर मला काहीच म्हणायची नाही. आई नाही, मावशी नाही, काकूसुद्धा नाही. "वेणी घालायचीये." "भूक लागलीये." बस्, एवढंच. दुसऱ्या खोलीतून बोलवायचं झालं तर हाक न मारता दारात येऊन उभी राहायची. खोटं कशाला बोलू, मला लई वाईट वाटायचं. शेजारची पोरं मम्मी मम्मी म्हणून कोकलायला लागली की मी उगीच मिक्सर लावायची. पण तोंडानं कधी मागितलं नाही. वडिलांचा दम आठवायचा.

यंदा ती कॉलेजला जायला लागली आणि करमाडच्या अलीकडं स्कूटीवरून पडली. मनगट मोडलं. डॉक्टर प्लास्टर घालून म्हणाले, "हाड आपलं आपण जुळतं. मधेच उघडून बघायचं नाही." मला हसूच आलं. रोपवाटिकेत ज्याला धरणं म्हणतात, शेंद्र्याला बसणं, त्यालाच इथं जुळणं म्हणत होते. माणसांच्या बाबतीत मात्र आपण नुसतं विचारतो, कोण कुणाची लागते.

प्लास्टर कापायच्या दिवशी मशीन सुरू झालं तसा तिनं दुसऱ्या हातानं माझा पदर धरला. सिस्टरनं सहज विचारलं, "ह्या कोण लागतात तुझ्या?"

मला वाटलं, आता ही सावत्र म्हणणार, नाहीतर गप्प बसणार.

मशीनवरची नजर न काढता ती म्हणाली, "लागायचं काय त्यात? आमच्याच आहेत."

मी तिथंच रडले. सिस्टरला वाटलं, मला मशीनची भीती वाटतीये.

परवा वन्संचा फोन आला. "म्हणते का गं आता तरी आई?"

"नाय म्हणत," मी सांगितलं. तेवढ्यात पोर दारात येऊन उभी राहिली, म्हणून फोन ठेवला.