रिंगखालची भिंत

"ही भिंत आहे. आदळा."

सर असं म्हणाले आणि टीममधली पोरं एकेक करून माझ्या छातीवर येऊन आदळायला लागली. कोपर, खांदा, गुडघा. जळगावातलं आमच्या कॉलेजचं बास्केटबॉलचं ग्राउंड. मी रिंगखाली हात वर करून उभा. हात खाली घ्यायचे नाहीत, असा हुकूम. ओठ फुटला तेव्हा सर हसून म्हणाले, "काही होत नाही त्याला. भिलाचं हाड आहे."

सगळे हसले. सवयीने मीही हसलो.

मी पारोळ्याकडचा. बाप मार्केटात हमाल. माझी उंची बघून सरांनी मला कॉलेजात आणलं. हॉस्टेल फुकट. बदल्यात माझं अंग त्यांचं.

डिफेन्स मला कळत होता. रिंगखालच्या माणसाला अख्खं कोर्ट दिसतं. कोण आडवा येतोय, बॉल कुठून शिरणार, हे त्यानेच ओरडून सांगायचं असतं. एकदा मी ओरडलो, तर कॅप्टनला राग आला. कॅप्टन संस्थाचालकांचा मुलगा. सर म्हणाले, तुला उभं राहायला आणलंय, शिकवायला नाही. तेव्हापासून तोंड बंद. कॅप्टनला चुकवून समोरचा आत शिरला, की शिव्या मात्र मला.

धुळ्याला फायनल होती. समोरचा एक बुटका, चपळ पोरगा कॅप्टनला नुसता नाचवत होता. टाइमआउटला सरांनी माझी मान धरून मला जवळ ओढलं. म्हणाले, "आता तो रिंगकडे उडाला की खाली पाय घाल. मोडला तर मोडू दे."

हवेतून उतरणाऱ्याच्या खाली पाय घातला तर काय होतं, मला माहीत होतं. घोटा जातो. गुडघा जातो. खेळ जातो.

मी म्हणालो, "नाही घालणार."

"रेफरीने तुला बाहेर काढलं तर कोणाचं काय अडतंय? म्हणून तर तुला सांगतोय."

हे ते शांतपणे बोलले. चिडूनसुद्धा नाही. इतके दिवस मला वाटत होतं, मी खेळाडू आहे.

"नाही," मी म्हणालो.

"मग जर्सी काढ. कॉलेजची आहे."

काढली. भरलेल्या गॅलरीपुढे उघडा उभा राहिलो. कोणीतरी शिट्टी मारली. कॅप्टनने माझ्या जर्सीने बूट पुसले. सर कोर्टाकडे बघत राहिले.

जळगावला परतलो तर हॉस्टेलच्या खोलीला दुसरंच कुलूप. सामान व्हरांड्यात फेकलेलं. मी तिथून सरळ पोलीस ठाण्यात गेलो. त्यांनी दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. बसलो. भिलाच्या हाडापासून जर्सीपर्यंत सगळं सांगून सरांविरुद्ध तक्रार दिली.

मग संस्थेचा माणूस घरी आला. तक्रार मागे घे, पुन्हा टीममध्ये घेऊ, म्हणाला. बाप त्याच्यासमोर हात जोडून उभा. मला म्हणाला, "जाऊ दे रे पोऱ्या, त्यासनापुढे आपलं काय चालस?"

मी बापाचे जोडलेले हात धरून सोडवले. त्या माणसाला बाहेर जायला सांगितलं.

बाप अजून माझ्याशी धड बोलत नाही. कुठलीही टीम मला घेत नाही. घेईल असं वाटतही नाही. पण तक्रार मी मागे घेणार नाही. साक्षीला बोलावतील तेव्हा जाईन, आणि सरांनी माझी जात ज्या शब्दाने काढली तो शब्द, त्यांच्या डोळ्यांत बघून, सगळ्यांदेखत म्हणेन.