पिवळ्या टॅगचे उदयराव

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. सकाळी बरीच थंडी. दूध उशिरा. दुपारी लोकरीचे कपडे उन्हात घातले. संध्याकाळी मंडळाची सभा, विषय: अंगणवाडीच्या मुलांना अंडी की केळी. मी बोलले. टाळ्या. उदयराव वझलवारांनी मत दिलं नाही. शनिवारी पुन्हा सभा.

नोंद एवढीच. पण वही मिटल्यावरही मी या खोलीतून त्या खोलीत जात राहिले.

सोनागिरीत, या हिंदी मुलखातल्या वसाहतीत, आमची तीसेक मराठी घरं. बहुतेकांची नोकरी कारखान्यात झाली, आता सगळे पेन्शनर. मागच्या गल्लीतल्या अंगणवाडीत एकोणीस मुलं येतात. आठवड्यातून दोनदा त्यांना मंडळातर्फे काही खाऊ द्यायचं ठरलं आणि अंड्यावर गाडी अडली. आमच्या राज्यात हा प्रश्न अधूनमधून पेटतोच, आमच्या सभेतही दोन पक्ष पडले. अनंतराव म्हणाले, "आपल्या संस्कारांना हे शोभत नाही." मी उठून म्हणाले, भरल्या पोटानं दुसऱ्याच्या ताटाचे संस्कार ठरवू नयेत. मला जबलपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये वक्तृत्व शिकवलेलं आहे. तिसऱ्या वाक्यानंतर थांबायचं, की टाळी येते. आली.

मग सगळे उदयरावांकडे वळले. ते शुद्ध शाकाहारी, म्हणून अनंतरावांना ते आपले वाटत होते. गरिबांच्या बाजूनं बोलणारे, म्हणून मला. ते म्हणाले, "माझा पिवळा."

"अहो, हा बॉयलरचा पार्ट नाही, अंडं आहे," अनंतराव म्हणाले.

"पार्ट तरी कुठे बोलायचा? जाऊन बघावं लागायचं."

उदयराव वरूडचे. तेविसाव्या वर्षी कारखान्यात आले आणि तपासणी खात्यातच निवृत्त झाले. तिथे तीन टॅग असत. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे बाद, पिवळा म्हणजे थांबा, अजून बघायचंय. पिवळा फार जणांना लावायला आवडत नसे, कारण मग बघत बसावं लागे. उदयरावांनी एकदा एक पार्ट अकरा दिवस पिवळा ठेवला. साहेब रोज येऊन ओरडत. त्या वर्षीचं प्रमोशन गेलं. पार्टात दोष निघाला का, असं मी विचारलं होतं. "नाही निघाला," ते म्हणाले. एवढंच.

घरीही तेच. मुलीचं स्थळ त्यांनी तीन आठवडे पिवळं ठेवलं. त्यांच्या पत्नी वसुधाताई म्हणतात, लालच करायला हवं होतं. निवडणुकीत उमेदवार दारात आला की उदयराव विचारतात, "तुमच्या या योजनेत नुकसान कोणाचं?" कोणाचंच नाही, असं म्हणणाऱ्याला पाणी मिळतं, चहा मिळत नाही.

बुधवारी त्यांचा फोन आला. "सुहासिनीताई, छान बोललात काल. उद्या नऊला अंगणवाडीत चला."

"छान बोलले तर जायचं कशाला?"

"म्हणूनच."

गुरुवारी आम्ही दोघं लहान मुलांच्या बाकड्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. त्या दिवशी केळी होती; निर्णय होईपर्यंत मंडळ तीच पाठवत होतं. सोनल नावाची चार वर्षांची मुलगी अर्धं केळं खाऊन उरलेलं फ्रॉकच्या खिशात घालत होती. तिथल्या अलकादीदींनी वजनाचं रजिस्टर दाखवलं. सोनलच्या नावापुढे तीन महिने तोच आकडा होता.

उदयरावांनी विचारलं, "यातल्या कोणाच्या घरी अंडं चालत नाही?"

"तीन बच्चे हैं," अलकादीदी म्हणाल्या. "अलग बिठाऊँगी तो रोएँगे. साथ बिठाऊँगी तो माँगेंगे."

ही तीन मुलं माझ्या भाषणात नव्हती. अनंतरावांच्याही नव्हती. उदयराव पाठकोऱ्या कागदावर लिहीत होते. मी नुसती चष्मा पुसत होते.

"और आंटीजी, उबालेगा कौन? यहाँ एक ही चूल्हा है, उस पर दलिया चढ़ता है."

"करवा लेंगे किसी से," मी म्हणाले.

उदयरावांनी वर पाहिलं आणि ते पुन्हा लिहायला लागले.

शनिवारी सभेत ते उभे राहिले. "मी अंडं खात नाही, खाणारही नाही. सोळा मुलांना अंडं द्यावं असं मला वाटतं, आणि हे म्हणताना मला बरं वाटत नाहीये. शेंगदाण्याचा लाडू एकोणीसही जणांना द्यावा. तरी ती तिघं अंडं मागतील. त्यांच्या आयांना भेटलो. दोघी नको म्हणाल्या, एक रडली. तिला काय सांगावं ते मला कळलेलं नाही."

"म्हणजे झाला ना हिरवा?" अनंतराव म्हणाले.

"नाही. सुरू करू. महिन्यानं पुन्हा जाऊन बघू."

 मग अनंतराव म्हणाले, "लाडू आमच्याकडे. सौ. करतील."

"सौ.ना विचारलंत?" मागून कोणीतरी म्हणालं. हशा झाला.

"आता अंडी उकडायची कोणी?" उदयरावांनी विचारलं. "वसुधा घरात नको म्हणते. तिचं म्हणणं मोडून मी हे करणार नाही. नेऊन मी देईन."

मंगळवारी माझ्यासाठी टाळ्या वाजवणारे सगळे तिथे होते. एकीच्या सासूबाई कडक, एकाचा स्वयंपाक बाईच्या हातात, एकजण मुलाकडे पुण्याला निघालेले. सोमवारपर्यंत कोणी नाव दिलं नाही तर केळीच, असं ठरलं. मीही नाव दिलं नाही.

माझ्या स्वयंपाकघरात सासूबाईंचे देव आहेत. या घरात अंडं येणार नाही, असं मी त्यांना शब्द दिलेला. यजमान कारखान्याच्या कँटीनमध्ये खात आणि हात धुऊन घरी येत. सासूबाईंना जाऊन तीस वर्षं झाली, यजमानांना नऊ. चालत घरी येताना दोन वेळा वाटलं की उदयरावांनी हे सगळं मुद्दाम केलं. तिसऱ्यांदा वाटलं, मुद्दाम केलं असेल तर काय बिघडलं. शब्द मोडायचा की पाळायचा, हे दारापर्यंत ठरलं नाही. 

शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५. उदयरावांना फोन केला, सोमवारी आठला या. जुनी शेगडी मागच्या गॅलरीत मांडली, चालते. दुधाचं पोचे पडलेलं पातेलं आता त्यासाठीच. अंडी सोळा, पिशवी गॅलरीतल्या खुंटीला.