साडूंनी पाहिलेला युरोप

अठरा दिवसांत सात देश हिंडूनही एकही देश न पाहिलेला माणूस जगात असेल, तर तो म्हणजे आमचे साडू. हे मी परतीच्या विमानतळावर बसून, सुजलेले पाय बॅगेवर टाकून आणि पूर्ण शुद्धीवर लिहितो आहे. सहलीतली बाकीची मंडळी आपापल्या फोनमधले मनोरे, कारंजी आणि गुबगुबीत गायी एकमेकांना दाखवताहेत. साडूंच्या फोनमध्ये अठ्ठेचाळीस फोटो आहेत आणि ते सगळे फळांच्या दुकानांतले आहेत.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निफाडजवळ त्यांची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे आणि तिथला माल कित्येक वर्षं परदेशी जातो. मी नाशिकच्या शाळेतला निवृत्त मास्तर. द्राक्षातलं मला खाण्यापलीकडे काही कळत नाही. यंदा साडूंच्या गुडघ्यांनी संप केला, पुण्याला नोकरीत असलेला मुलगा काही परत येणार नाही हे नक्की झालं, आणि बाग मोडून ऊस लावायचं घरात ठरत आलं. तेव्हा साडूंनी मुलाला अट घातली. "आपली द्राक्षं तिकडच्या दुकानात एकदा डोळ्यांनी बघतो. दिसली तर बाग राहील. नाय दिसली तर मोड." मुलगा कबूल झाला, एप्रिलची छाटणी थांबली, आणि मी मोठ्या हौसेने आम्हा चौघांची मे महिन्यातली सहल ठरवून टाकली.

त्यानंतर माझ्या वाट्याला जे आलं ते शत्रूच्याही येऊ नये. पॅरिसच्या मनोऱ्याखाली दोन तास रांगेत उभं राहून आमचा नंबर आला, तेव्हा साडू गायब. सापडले ते पलीकडच्या गल्लीत, एका फळवाल्यासमोर. मण्यांची जाडी मोजायची प्लास्टिकची चकती हे गृहस्थ निफाडहून खिशात घालून आले होते, आणि ती एकेका मण्याला लावून त्या गोऱ्याला खणखणीत मराठीत झापत होते. "सोळा मिलिमीटरचा मणी हाय ह्यो! आमचा सोळाचा निघाला तर तुमी बाजूला काढायला लावता, आन् हितं खुशाल विकता व्हय?" त्याने ब्याद टळावी म्हणून एक घड फुकट दिला. मनोरा आम्ही खालूनच पाहिला.

बर्फाच्या डोंगरावर तर कहर झाला. अख्खी सहल लहान मुलांसारखी लोळत होती आणि साडू उपाहारगृहात, खिडकीकडे पाठ करून, सुतकात बसल्यासारखे बसले होते. मी ओढायला गेलो तर म्हणाले, "ह्याच्यात नाचायचं म्हंजे काय, मास्तर? एका फेब्रुवारीत सात मिनिटं गारा पडल्या, तर आमच्या घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती." मेहुणीबाईंनी हातातला बर्फाचा गोळा हळूच खाली टाकला. मग माझाही पाय घसरगुंडीकडे वळेना.

काल सकाळी शेवटचं शहर आणि शेवटचं दुकान. इंग्रजी अक्षरांशी साडूंचं जमत नाही, त्यामुळे खोक्यावरची चिठ्ठी वाचायचं काम अठरा दिवस माझ्याकडे होतं. वाचली. माल भलत्याच देशाचा. खोटं सांगावं असं मनात येऊन गेलं. पण आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून ओरडलेला माणूस मी, जीभ रेटली नाही. त्याचं मला आता फार वाईट वाटतं. दुकानदार भला होता. म्हणाला, भारताची द्राक्षं आता संपली, मार्चमध्ये या, दुकान भरलेलं असतं.

मी ते साडूंना सांगितलं आणि म्हणालो, "दाजी, ही अट धरायचीच नाही. तारखा मी चुकवल्या."

"मला ठाऊक हुतं की," ते म्हणाले. "मे महिन्यात आपला माल कुठला? वाटलं, शेवटच्या कंटेनरातली एखादी पेटी मागं राहिली असंल."

"मग इतक्या वर्षांत एकदा मार्चात का नाही आलात?"

"मार्चात?" ते हसलेच. "तोडणी टाकून?"

त्यांनी तिथला एक मणी तोंडात टाकला, सावकाश चावला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "गोड हाय." मग मुलाला फोन लावला. "नाय दिसली. मोड आता. पण नुसती कापू नको, मुळासकट काढ. कापली तर पावसात परत फुटती ती." एवढं बोलून ते बराच वेळ दुकानाच्या पायरीवर बसले. मीही शेजारी बसलो. सहलीची बस आमच्यासाठी ताटकळली आणि पहिल्यांदाच मला त्याची लाज वाटली नाही.

आता विमानाची घोषणा झाली आहे. साडू चॉकलेटांच्या पिशव्या गुडघ्यांशी धरून बसले आहेत. पुढच्या मार्चात ते अगदी मोकळे असतील, आणि तेव्हा त्यांना घेऊन कुठे जावं, हे मला काही केल्या सुचत नाही.